मावशीने पाहिलेला जर्मन सिनेमा

जर्मन मी शिकले ती रागाने. सातपूरच्या ज्या कारखान्यात मी टायपिस्ट होते, तिथे जर्मनीहून एक जुनं मिलिंग मशीन आलं आणि त्याच्याबरोबर दोन जाडजूड माहितीपुस्तकं. ती कुणाला वाचता येईनात. आमचे साहेब म्हणाले, "आता मुंबईहून कुणाला तरी बोलवायला हवं." मी टाईपरायटरवरून मान वर करून म्हणाले, "मी शिकते, साहेब." खोलीतले चौघेही हसले. साहेब म्हणाले, "आधी इंग्रजी पत्रं बिनचूक येऊ द्यात."

त्याच आठवड्यात मी पंचवटीत एका गृहस्थांकडे शिकवणीला जाऊ लागले. ते तरुणपणी काही वर्षं जर्मनीत एका कापडगिरणीत काम करून आले होते आणि निवृत्तीनंतर घरच्या ओसरीवर दोघा-तिघांना ती भाषा शिकवत. सत्तरचं दशक संपत आलं होतं. वडील जिल्हा परिषदेत शिपाई, आई घरी, धाकटा भाऊ शाळेत. आमच्या बौद्ध वस्तीत जर्मन शिकणारी मी पहिलीच, आणि बहुधा शेवटचीही. शेजारच्या बायका आईला विचारत, "हिला तिकडं धाडायचीय का?" आई म्हणे, "नाही हो, हिला मशीन वाचायचंय."

दोन वर्षांत मी शब्दकोश उघडा ठेवून पहिलं पुस्तक मराठी करून वहीत उतरवलं. साहेबांनी वही चाळली, कपाटात ठेवली आणि दुसरं पुस्तक माझ्या टेबलावर आणून टाकलं. ती माझी शाबासकी.

ही गोष्ट गावातल्या चित्रपट मंडळाच्या चिटणिसांच्या कानावर गेली. ते कॉलेजात शिकवायचे. महिन्यातून एका रविवारी सकाळी एक टॉकीज भाड्याने घेऊन मंडळ परदेशी सिनेमे दाखवायचं. त्यांना एक जर्मन सिनेमा मिळत होता, पण त्या प्रतीवर खाली इंग्रजी अक्षरं नव्हती. चिटणीस घरी आले, आमच्या लोखंडी खाटेवर बसले आणि म्हणाले, "पडद्याशेजारी माईक ठेवतो. तुम्ही चालू सिनेमात मराठीतून सांगत जा. जमेल?"

मला पुस्तकातली जर्मन येत होती. माणसं तोंडाने बोलतात ती मी फक्त सरांकडून ऐकलेली. तरी म्हणाले, "जमेल."

संवादांची यादी आठ दिवस आधी पोस्टाने आली. फिकट जांभळ्या शाईची, सायक्लोस्टाईल केलेली एकेचाळीस पानं. शेवटच्या पानावर एक वाक्य अर्धवट तुटलं होतं, म्हणजे पुढचं पान कुणीतरी गहाळ केलं होतं. रोज कारखान्यातून आले की मी ती पानं घेऊन बसे. जे शब्द शब्दकोशात सापडत नसत त्यांची चिठ्ठी करून पंचवटीला सरांकडे नेई. सर मात्र त्याच सुमारास मुलाकडे पुण्याला गेले आणि शेवटची दहा-बारा पानं मी एकटीने रेटली. गहाळ पानाचं काय करायचं ते ऐनवेळी कानाने बघू, असं मी ठरवलं.

सिनेमाची गोष्ट साधी होती. डोंगराच्या पायथ्याशी एका चाळिशीच्या विधवेची सफरचंदांची बाग. तोडणीच्या दिवसांत पलीकडच्या डोंगरातून एक मजूर येतो. पाठीवर गाठोडं, फारसं बोलत नाही. तो सफरचंदं उतरवतो, रस काढायचा मोडका चरक दुरुस्त करतो, कोठाराचं छप्पर शाकारतो. दोघांचा एकमेकांवर जीव जडतो. पण तोडणी संपते, थंडी जवळ येते आणि त्याला आपल्या गावी परत जायचं असतं. शेवटी बागेच्या फाटकाशी बस येऊन थांबते.

आदल्या दिवशी, शनिवारी, माझी मावशी नाशिकला आली. आईची थोरली बहीण. विंचूरच्या बाजूला तिची विहिरीवरची अडीच एकर जमीन होती. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. कांदा, गहू, थोडी मेथी-कोथिंबीर असं सगळं ती एकटी करायची. शेजारच्या माणसाच्या टेम्पोतून पंचवटीच्या बाजारात भाजी घेऊन यायची आणि एखादा दिवस आमच्याकडे पाठ टेकून परत जायची. मी तिला म्हणाले, "मावशी, उद्या सिनेमाला चल. मी बोलणार आहे त्यात."

"तू हाय त्यात?"

"त्यात नाही गं. बाजूला."

"मग मी बाजूला बसते," ती म्हणाली.

टॉकीजमध्ये शंभरेक माणसं होती. डॉक्टर, प्राध्यापक, झोळीवाले तरुण. मावशी हिरव्या नऊवारीत, डोक्यावर पदर. चिटणिसांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणाले, "माझी मावशी आहे. पहिल्या रांगेत, माईकशेजारी बसेल." माझा आवाज मला वाटलं त्याहून जरा जास्तच मोठा निघाला.

सिनेमा सुरू झाला. मी घरी लिहून आणलेलं वाचू लागले: "सदर विधवा आपल्या फलोद्यानाची देखभाल एकाकीपणे करीत आहे." दोन-चार वाक्यं अशी झाली असतील नसतील, शेजारून मावशीचा आवाज आला, "कोण काय म्हणतंय ते सांग की नीट."

पहिल्या दोन-तीन रांगा हसल्या. मग मी हातातले कागद उलटे ठेवले आणि तिला सांगावं तसं सांगू लागले. "ती म्हणते, शिडी धरा कुणीतरी. तो म्हणतो, धरतो, पण आधी पाणी द्या." मागून कुणीतरी म्हणालं, "शुद्ध बोला हो." मी तशीच बोलत राहिले. एकदा हा सूर लागल्यावर मला यादीची गरजही कमी वाटू लागली. पडद्यावरची बाई चिडली की मीही चिडून बोलत होते.

मावशी मधून मधून बोलायची. ती बाई एकटी लाकडी शिडी उचलते तेव्हा म्हणाली, "कंबर जाईल तिची." मजूर छपरावर चढला तेव्हा म्हणाली, "हा कामाचा माणूस हाय." गावजेवणात ती दोघं सगळ्यांसमोर नाचतात आणि म्हाताऱ्या बायका एकमेकींना कोपराने ढोसतात, तिथे मावशी एकदम गप्प झाली.

शेवट आला. यादी संपली होती. फाटकाशी बस थांबली, त्याने गाठोडं आत टाकलं. बाई फाटकाला धरून उभी. त्याने वळून पाहिलं. बस सुरू झाली आणि ती हळूच तीन शब्द बोलली: "कोम गुट हाइम."

मी कान टवकारून होते. कोम म्हणजे ये. हाइम म्हणजे घरी. मधल्या 'गुट'चं, म्हणजे 'चांगला'चं, काय करायचं ते सुचेना, तो मी सोडून दिला. माईकमध्ये म्हणाले, "घरी ये."

बस वळणावरून दिसेनाशी झाली. मावशी पुढे झुकली आणि पडद्याकडे बघत मोठ्याने म्हणाली, "अगं, मोठ्यानं बोल ना!"

या वेळी कुणी हसलं नाही.

घरी येताना आम्ही एका हातगाडीपाशी चहा प्यायला थांबलो. मावशीने विचारलं, "आला का गं तो परत?"

"माहीत नाही. सिनेमा तिथेच संपतो."

"घरी ये म्हणली तरी गेला. ऐकूच गेलं नसंल त्याला. बस सुरू झाल्यावर बोलायचं असतं का? इतके दिवस काय करत होती?"

"लाजत असेल. लोक काय म्हणतील, असं वाटत असेल."

"फाटकापाशी लोक कुठं होते? कोणीच नव्हतं तिथं." तिने बशीतला चहा संपवला. सोमवारी पहाटेच्या एसटीने ती गेली.

मला त्या वेळी काही कळलं नव्हतं. कळायला हवं होतं. चार वर्षं तिच्याकडे दिवाळीनंतर पेठच्या डोंगरातून एक माणूस कामाला येत होता. तिकडचं भात आणि नागली, म्हणजे नाचणी, निघाली की डोंगरातल्या टोळ्या कामासाठी आमच्या बाजूला उतरतात, त्यांतलाच एक. पंचेचाळिशीचा, बायको बाळंतपणात गेलेली, घरी फक्त म्हातारी आई. टोळी दुसरीकडे गेली तरी तो मावशीच्या शेतावर राहायचा. कांद्याची लागण करायचा, काढणी करायचा आणि चैत्र सरता सरता भाताचा राब भाजायला, म्हणजे पालापाचोळा जाळून रोपांची जमीन तयार करायला, परत डोंगरात जायचा. त्याला मी दोनदा पाहिलं होतं. एकदा तो विहिरीचा कठडा बांधत होता, एकदा विहिरीपाशी बसून कांद्याबरोबर भाकरी खात होता. आमचा नमस्कारही झाला नव्हता.

तीन आठवड्यांनी मावशीचे दीर आमच्या दारात उभे राहिले. पायातल्या चपलाही न काढता वडिलांना म्हणाले, "तुमच्या मेहुणीनं तोंड काळं केलं. त्या डोंगरातल्या गड्याबरोबर पाट लावायचा म्हणती. सगळ्या बायांसमोर म्हणाली."

आईने पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं नाही. "लावू दे पाट. पण मग माझ्या भावाची जमीन तिची राहत नाही, एवढं सांगून ठेवा." आणि ते आले तसे गेले.

आई रडायला लागली. वडील मला म्हणाले, "उद्या रजा टाक. मावशीकडे जाऊन ये. काय आहे ते तिच्या तोंडून ऐक."

मी गेले तेव्हा मावशी शेतात कांद्याची पात कापत बसली होती. आणखी सहा-सात बाया होत्या. तो पलीकडे गोण्या शिवत होता. मी शेजारी बसले आणि हळू आवाजात विचारलं. ती मात्र नेहमीच्याच आवाजात बोलली.

"काढणी संपत आली. तो म्हणला, आठ दिवसांत निघतो. मी म्हणलं, हे बघ, तू बांधावर पोचायच्या आत मला बोलायचंय. इथं ऱ्हा. कामाला नाय, घरात. लग्न करून."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय? सगळ्यांसमोर बोललं की त्याला ऐकू येतं."

आजूबाजूच्या बाया हसल्या. एक म्हणाली, "त्याच्या हातातली गोणीच पडली!"

"आणि तो काय म्हणाला?"

"म्हणला, माझी आय तिकडं, शेत तिकडं. मी म्हणलं, ते मला ठाव हाय, मी काय शेत सोड म्हणत नाय. तू हो का नाय तेवढं सांग. दुसऱ्या दिशी हो म्हणला."

मी तिला दिरांचं म्हणणं सांगितलं. तिने विळा खाली ठेवला. "नवरा करते, शेत देत नाय," ती म्हणाली. "नऊ वर्षं हे शेत मी ओढलंय. त्यातलं कोणाला काय पाहिजे असंल तर कागद दाखवा म्हणावं."

कागदाचं काम माझ्याकडे आलं. वडिलांच्या ओळखीचे एक वकील होते. मी आणि मावशी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी सातबारा पाहिला. नवऱ्यामागे वारस म्हणून मावशीचं नाव त्यावर चढलेलं होतं. वकील म्हणाले, "जमीन वारसाने आली, नाव चढलं, ती तिची झाली. पुन्हा लग्न केलं म्हणून ती कुणी काढून घेऊ शकत नाही. पूर्वीचे कायदे विसरा आता."

मी म्हणाले, "हे लिहून द्याल?"

"तुम्ही लिहा, मी सही करतो."

त्याच दुपारी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी ते पत्र टाईप केलं, तीन कार्बन प्रती काढल्या. एकही चूक नव्हती. एक प्रत घेऊन आम्ही तलाठ्याकडे गेलो. दीर आधीच येऊन बसले होते. तलाठ्यांनी पत्र वाचलं, परत वाचलं आणि दिरांना म्हणाले, "यात माझ्या हातात काही नाही." दीर मावशीकडे बघून म्हणाले, "वहिनी, भावाला काय वाटलं असतं?"

मावशी म्हणाली, "त्यांना वाटलं असतं, ही नऊ वर्षं एकटी मोट ओढीत होती तेव्हा माझा भाऊ कुठं होता."

दीर उठून गेले. पुढे दोन वर्षं ते तिच्याशी बोलले नाहीत.

लग्न आमच्या वस्तीतल्या विहारात झालं. दोघंही पांढऱ्या कपड्यांत, दोन हार, वंदना, आणि नंतर सगळ्यांना बुंदी. त्याच्याकडून त्याच्या पाड्यातले दोघेच आले होते. आईने तोवर डोळे पुसले होते आणि बहिणीसाठी साडी काढून ठेवली होती. मी त्याला पहिल्यांदाच काका म्हटलं. त्याने मान खाली घालूनच "हां" म्हटलं.

आणि बारा दिवसांनी काका डोंगरात निघून गेले.

मी संतापले. मावशीला म्हणाले, "एवढं सगळं केलं ते यासाठी?" तिने दळणाचं जातं थांबवलं नाही. "भात लावायला गेलाय. तिकडंबी शेतच हाय ना? दिवाळीनंतर येईल. मी इथलं सोडीत नाय, मग त्याला कसं सोडायला सांगू?"

त्या पावसाळ्यात सर पुण्याहून परतले आणि माझी शिकवणी पुन्हा सुरू झाली. एकदा मी त्यांना सिनेमाची गोष्ट सांगितली, ते शेवटचे तीन शब्दही. सरांनी चष्मा काढला. "कोम गुट हाइम? अहो, ते निरोप देताना म्हणतात. सुखरूप घरी पोचा, असं. ती त्याला बोलावत नाही. ती त्याला जाऊ देते आहे."

शंभर माणसांसमोर मी उलटं सांगितलं होतं, त्याची लाज वाटली. पण त्यापेक्षा जास्त भीती वाटली ती मावशीची. चुकीच्या शब्दावर तिने एवढी उडी घेतली होती का? कुणालाच मी हे बोलले नाही.

दिवाळी झाली. काका आले नाहीत. देवदिवाळी झाली, तरी नाही. वाफ्यातलं कांद्याचं रोप लागणीला आलं. गावात लोक मावशीला तोंडावर विचारायचे, "पाव्हणे कधी यायचे?" आई म्हणाली, "मला वाटलंच होतं." मावशीने गावातल्या बाया लावून सगळी लागण पुरी केली, शेवटच्या वाफ्याला पाणी दिलं आणि मग आमच्याकडे येऊन मला म्हणाली, "पेठच्या गाडीचं बघ. मला एकटीला रस्ता ठाव नाय."

एसटीत ती खिडकीशी बसली होती. घाट लागला तसं मला राहवेना. मी तिला सगळं सांगितलं. माझं चुकलं होतं, ती बाई त्याला घरी ये म्हणालीच नव्हती, सुखरूप जा म्हणाली होती.

मावशीने खिडकीची काच सरकवली. मग म्हणाली, "म्हणजे त्याला ऐकू गेलं होतं."

"हो. ऐकून तो गेला."

"लय मोठ्या मनाची बाई." पुढचा थांबा आला, दोन माणसं उतरली, गाडी सुटली. "मी नाय तशी. मला पाहिजे होता म्हणून मी बोलले. तुझ्या पिक्चरनं फक्त येळ दाखवली, बाकी काय नाय. आता उतरायचं कुठं ते विचार कंडक्टरला."

उतरल्यावर दीड तास चालावं लागलं. पाडा दहा-बारा घरांचा. कुडाच्या भिंतींचं घर, पुढे सारवलेलं अंगण. काका दारातच बसले होते. मावशीला पाहून ते उठले आणि तसेच उभे राहिले. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. आत त्यांची आई पडून होती. खळ्यावर नागली झोडताना पडली होती आणि कंबरेचं हाड गेलं होतं. दोन महिने तिला उचलून बसवणं, भरवणं, धुणं सगळं काका एकटे करत होते.

मावशीने विचारलं, "सांगावा का नाय धाडला?"

"कोणाबरोबर धाडू? औंदा आमची सगळी माणसं पिंपळगावाकडं द्राक्षाला गेली. तुझ्या गावाला कोणीच नाय." मग हळूच म्हणाले, "तुला वाटलं असंल, गेला."

"वाटलं. म्हणून बघायला आले."

ती आत गेली. म्हातारीच्या उशाशी बसली. म्हातारीने तिच्याकडे बघून मुलाला काहीतरी विचारलं. ती बोली मला नीट कळली नाही. काका म्हणाले, "तीच आहा." तिकडे 'आहे'ला 'आहा' म्हणतात, एवढं मला समजलं. म्हातारीने मावशीचा हात धरून पंजा उलटा केला आणि तिच्या तळव्यावरच्या घट्ट्यांवर अंगठा फिरवला. मग डोळे मिटले.

मला वाटलं होतं, मावशी म्हातारीला विंचूरला न्यायचं म्हणेल. पण हाड मोडलेल्या बाईला दीड तास डोलीतून आणि मग एसटीतून कसं नेणार? आणि म्हातारी डोंगर सोडणार नाही, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं. मावशीने चूल पेटवली, पाणी तापवलं, म्हातारीला पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना म्हणाली, "तू जा. मंगळवारी कांद्याला पाणी द्यायचंय. मी ऱ्हाते इथं."

"तुला जमायचं नाय. इथलं सगळं वेगळं."

"तुला पहिल्या साली कांदा जमत होता का? रोपं किती खोल खोचायचास? निम्मी सडवलीस. मी बोलले होते का काय?"

काका पहिल्यांदाच हसले.

ते माझ्याबरोबर परत निघाले. नाशिकच्या स्टँडवर विंचूरच्या गाडीची वाट बघताना त्यांनी विचारलं, "तुझी मावशी रागावली का?"

"नाही, काका."

"मंग यायला निघालो तवा माझ्याकडं बघितलं का नाय?"

"बघितलं असतं तर तुम्हाला सोडलं नसतं तिने," मी म्हणाले. मला ते तेव्हा कुठून सुचलं कोण जाणे. त्यांनी मान हलवली आणि गाडीत चढले.

तो सगळा हिवाळा अशी उलटापालट झाली. काका विंचूरला तिच्या शेतात, मावशी डोंगरात त्यांच्या आईपाशी. विहीर दिरांच्या सामाईकीतली होती, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. दीर रोज बांधावरून जाता-येता काकांना एकट्याने पाण्याची दारं धरताना बघायचे. एकही शब्द बोलायचे नाहीत. पण एकदा वीज नेमकी मावशीच्या पाळीला गेली तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली पाळी सोडून पाटाचं तोंड तिच्या शेताकडे वळवून दिलं. काकांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांना अजून खरं वाटत नव्हतं.

मी दोनदा रविवार धरून पेठकडे गेले. मावशीच्या नागलीच्या भाकरी कडेला चिरायच्या आणि म्हातारी अंथरुणातून बोट दाखवून ओरडायची. काय ओरडते ते मावशीला निम्मंच कळायचं. तरी दुसऱ्या वेळी गेले तेव्हा भाकरी चिरलेली नव्हती. होळीच्या आसपास म्हातारी गेली. काकांना निरोप पोचून ते यायच्या आत मावशीनेच तिचे डोळे मिटले.

पुढे असंच ठरून गेलं. दिवाळीनंतर दोघं विंचूरला, चैत्र सरला की काका डोंगरात. त्यांच्या आईमागे त्या शेताकडे बघणारं तिथे कुणी नव्हतं आणि ते विकण्याची गोष्ट दोघांपैकी कुणी काढली नाही. पहिली काही वर्षं पावसाळाभर मावशी इकडे एकटी राहायची. ते एकटेपण तिला सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. एका श्रावणात मी गेले तेव्हा तिने दोन माणसांचा भात टाकला होता आणि मग स्वतःशीच चडफडत त्यातला अर्धा म्हशीच्या आंबोणात घातला. पण ती रडगाणं गायली नाही आणि काकांनाही कुणी ते गाताना ऐकलं नाही.

चित्रपट मंडळासाठी मी आणखी चार सिनेमे सांगितले. मग घरोघरी टीव्ही आले, व्हिडिओ आले, रविवारच्या खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या आणि चिटणिसांनी मंडळ बंद केलं. मी कारखान्यात टायपिस्टची दुभाषी झाले. लग्न झालं, मुलगी झाली. जे मला हसले होते त्या साहेबांच्या निरोप समारंभात आभाराचं भाषण मीच केलं.

ऐंशीचं दशक संपता संपता मावशीने इकडचा पावसाळ्यातला कारभार दिरांच्या मुलाकडे सोपवला आणि काकांबरोबर डोंगरात जायला लागली. त्या पहिल्या वर्षी आषाढात मी मुलीला घेऊन तिकडे गेले. पाडा ओलांडून खाली खाचरांत उतरलो. आठ-दहा बाया ओळीत वाकून भात लावत होत्या. सगळ्यांच्या पाठीवर पानांची इरली. त्यातली मावशी मला लगेच ओळखू आली, कारण सगळ्यांच्या ओळी सरळ होत्या आणि तिची वाकडी. पलीकडच्या बाया तिला हसत होत्या आणि काका बांधावरून रोपांच्या जुड्या टाकत म्हणत होते, "डावीकडं घे, डावीकडं."

"मला कळतंय," ती वर न बघता म्हणाली आणि चिखलात पुढची काडी खोचली.